चांदीच्या कुंड्यांतली डेझी

एक होता राजा. भारी हौशी, पण अकलेच्या नावानं शंख! त्यानं कुठूनसं डेझीचं बी आणलं. डेझी म्हणजे शेवंतीसारखीच, पण ठेंगणी. गुलाबी, पिवळी, पांढरी अशी फुलं आली. राजा हरखून गेला. त्यानं रोपांसाठी चांदीच्या कुंड्या घडवल्या, वर मखमली छत घातलं आणि दवंडी पिटली, "फुलाला हात लावाल तर खबरदार!"

मग महिनाभरात रोपांनी माना टाकल्या. राजा सगुणा माळणीवर खेकसला, "तीन दिवसांत फुलली नाहीत तर राज्याबाहेर व्हायचं!"

सगुणेची आई, आजी याच बागेत राबल्या होत्या. आता जायचं कुठे? कुंड्यांपाशी बसून ती ढसाढसा रडली.

दिवस कलला. तेव्हा डेझी पाकळ्या मिटते, बरं का. मिटता मिटता गुलाबी फूल म्हणालं, "सगुणे, रडतेस काय? ऊन दे की आम्हाला!"

मग सकाळी सगुणेनं छत काढून टाकलं.

दुसऱ्या सांजेला पिवळं फूल कुरकुरलं, "ही सुकलेली फुलं खुड ना. त्यांनाच पोसत बसलो तर कळ्यांना काय उरणार?" मग सगुणेनं वाळकी फुलं खुडली. भीती? वाटत होती तर! पण खुडली एकूण एक.

तिसऱ्या सांजेला पांढरं फूल कण्हलं, "पाय कुजले गं बाई. पाणी जायला खाली भोकच नाही."

आता राजाच्या चांदीला भोक कोण पाडणार? सगुणेनंच पाडलं. खिळा लावला, दगड हाणला, ठण्ण! प्रत्येक कुंडीला.

सकाळी राजा आला. भोकं बघून लालबुंद झाला. "कुणाला विचारून केलंस हे?"

"फुलांना विचारून, महाराज," सगुणा म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

राजा ओरडायला तोंड उघडतो, तोच एक कळी उमलली. मग दुसरी. मग सगळ्याच! राजा मटकन खाली बसला. "चुकलं माझं, सगुणे. तू कुठेही जायचं नाहीस." आणि हळूच विचारलं, "उद्या मी पाणी घालू का गं?"

"माती वाळली असेल तर घाला," सगुणा म्हणाली.

मग राजा, सगुणा आणि फुलं, सगळी सुखात राहिली. चला, चुळबुळ पुरे. पांघरूण घ्या आणि झोपा बघू.