ठकूबाईने उतरवलेलं छप्पर

वाकोंड्याच्या राईत उन्हातून शिरलं की घटकाभर काहीच दिसत नाही. मग डोळे निवतात आणि जांभळीच्या, अंजनीच्या बुंध्यांमधून एक गवत दिसायला लागतं. उंची जेमतेम गुडघ्याएवढी, पान बोटभर रुंद, कडेला किंचित जांभळी झाक. इकडे त्याला सावळी म्हणतात. उन्हात ते तग धरत नाही. शेवटच्या झाडाची सावली संपते तिथे सावळीही संपते, कुणी आखून दिल्यासारखी.

वनस्पतींचा अभ्यास करणारी मंडळी हल्ली दरवर्षी येतात. दोऱ्या बांधून चौकोन पाडतात आणि काडी न काडी मोजतात. त्यांच्या यादीत या गवतापुढे ‘संकटग्रस्त’ असं लिहिलेलं आहे. झाडं तुटली की सावळी जाते, गुरं शिरली तरी जाते. आजूबाजूच्या तीन डोंगरांवर ती होती म्हणे, आता उरली ती इथेच. मग इथेच का उरली, असं कुणी विचारलं की धनगरवाड्यावरचे बाबू झोरे एखाद्या मुळावर टेकतात, मुंडासं सोडून मांडीवर ठेवतात आणि सांगू लागतात.

त्याला किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलेलं नाही. वाड्यावर तेव्हा चौदा घरं होती, सगळी गवताने शाकारलेली. धाकलू झोरे हा वाड्याचा म्होरक्या. त्याच्या घरासमोरच त्याची सून ठकू राहत असे. ठकू लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षांची होती. परकर सावरत म्हशींमागे धावायची आणि दमली की धाकलूच्या घोंगडीत झोपून जायची, असं सांगतात. पुढे धाकलूचा मुलगा तापाने गेला. नवऱ्यामागे त्या घरात पोरीचं मन लागेना, म्हणून धाकलूने आपल्या दारासमोर तिला वेगळी खोप बांधून दिली आणि तिचं छप्पर स्वतःच्या हाताने शाकारलं. ठकूपाशी एकच म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव कवडी.

मग ते साल आलं. एक पावसाळा कोरडा गेला होता, दुसऱ्याने नुसती धूळ दबवली. माळावरचं गवत फाल्गुनातच संपलं. म्हशींच्या बरगड्या लांबून मोजता येऊ लागल्या. हिरवं होतं ते फक्त राईत, सावळीचं. राईतून निघणारा झरा करंगळीएवढा का होईना, पण वाहत होता.

चैत्रात धाकलूने सगळ्यांना बोलावलं. लोक म्हणाले, राई मोकळी करा, म्हशी आत सोडा. दहा-बारा दिवस तरी निघतील. धाकलूला ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तो म्हणाला, “परवा सकाळी सोडू.”

बायका कडेला बसल्या होत्या. त्यांतून ठकू उठली. विधवा सुनेने बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण ती बोलली.

“मामा, माझ्या माहेरी हेच केलं व्हतं.”

तिचं माहेर पल्याडच्या डोंगराच्या सोंडेवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता तिथे फक्त घरांची जोती उरली होती, हेही ठाऊक होतं. पण का, ते तिने आज पहिल्यांदाच सांगितलं. ती लहान असताना तिच्या बापाने अशाच एका दुष्काळात राई मोकळी केली. म्हशींनी सावळी मुळापर्यंत खाल्ली. पुढचा पाऊस आला तेव्हा माती धरायला काही नव्हतं. डोंगर वाहून आला आणि झरा गाळाने बुजला. म्हशी जगल्या, पण पाण्यावाचून वाडा उठला. चार दिशांना गेलेली माणसं पुन्हा एकमेकांना दिसली नाहीत.

“आन मग म्हशींना घालू काय?” धाकलूने विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

ठकू खाली बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती कवडीला पाजायला झऱ्यावर घेऊन गेली. राईच्या तोंडाशी म्हैस थबकली. चार पावलांवर हिरवी सावळी होती. कवडीने दावं ताणलं नाही, नुसती मान वळवून ठकूकडे पाहिलं. तिथेच ठकूने कपाळ मातीला टेकवलं आणि म्हणाली, “राईच्या आई, तुझ्या पदराला माझी म्हैस तोंड लावायची न्हाई. माझं जे हाय ते आदी घालीन.”

पण तिचं होतं काय? ती घरी आली, दारात उभी राहिली आणि तिची नजर वर गेली.

थोड्या वेळाने शेजारणींनी पाहिलं तर ठकू शिडी लावून छपरावर चढली होती आणि पेंढ्या उपसून खाली टाकत होती. खालचा थर चुलीच्या धुराने काळा पडला होता, तो ती बाजूला सारायची. वरचा थर झटकून, मिठाचं पाणी शिंपडून कवडीपुढे ठेवायची. कवडी खाऊ लागली. बायका म्हणाल्या, “येड लागलं पोरीला!” कुणीतरी धाकलूला हाक मारली.

धाकलू आला. ते छप्पर त्याने शाकारलं होतं, आणि आता तेच उघडं पडत होतं. तो ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं. ठकूचे हातही थांबले. शिडी जुनी होती, एका अंगाला डुगडुगत होती. धाकलूने पुढे होऊन ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“बेतानं,” तो म्हणाला. “डाव्या अंगाचा वासा कच्चा हाय.”

ठकू छपरावरच रडली, असं सांगतात.

तिची खोप मोकळी झाल्यावर धाकलू स्वतःच्या घरावर चढला. संध्याकाळपर्यंत आणखी पाच घरं उघडी झाली. राई मोकळी करायचा दिवस उजाडला, पण कुणी तिकडे फिरकलं नाही. चौदा घरांचं छप्पर वाड्याच्या म्हशींनी बावीस दिवस खाल्लं. माणसं उन्हात राहिली, रात्री चांदण्या बघत निजली. तीन म्हशी तरीही गेल्या, आणि त्यांत पहिली कवडी. ती म्हातारी होती. आपल्या वाट्याचं गवत ठकूने दुसऱ्यांच्या गाभण म्हशींना घातलं होतं, हे मागाहून कळलं.

त्या साली पाऊस लवकर आला, तेविसाव्या दिवशीच कोसळला. डोक्यावर छप्पर नव्हतं, म्हणून सगळा वाडा पोरंबाळं, मडकी, कोंबड्या घेऊन राईत शिरला. पावसाचे पहिले चार दिवस लोक जांभळींखाली सावळीवर बसून राहिले. बाहेर माळावरून तांबडं पाणी लोंढ्याने जात होतं. राईतून निघणारं पाणी मात्र नितळ होतं म्हणे, ओंजळीत घेतलं तर हाताच्या रेषा दिसाव्यात इतकं. धाकलूने ती ओंजळ आधी ठकूला पाजली. तिथेच वाड्याने शपथ घेतली, की राईत विळा जाणार नाही आणि गुराचं तोंड जाणार नाही.

त्या शपथेला वाकोंड्यात अजून कुणी बाध आणलेला नाही. आता तिथे कौलं आली, पत्रे आले, दोन घरांवर स्लॅबही पडला. पण आजही प्रत्येक घराच्या वळचणीला माळावरच्या गवताची एक पेंढी खोचलेली असते. चैत्रात ठरल्या दिवशी घरची सून शिडी लावून वर चढते, ती पेंढी काढते आणि म्हशीला घालते. घरी म्हैस नसेल तर शेजारच्या म्हशीला. तोवर सासरा खाली उभा राहून दोन्ही हातांनी शिडी धरतो.