बेडकुली आणि विमानाचा निळा गोल

एक होती बेडकुली. एवढीशी. बोटाच्या पेराएवढी. म्हादूतात्यांच्या अंगणात रांजणाखाली राहायची.

म्हादूतात्या होते सुतार. ते एक विमान बनवत होते. खरं नाही, लाकडाचं. पण केवढं? खाटेएवढं. खूप वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती. तेव्हा असं लढाऊ विमान आकाशात उडायचं. तात्यांकडे त्याचं चित्र होतं. ते चित्र बघायचे आणि लाकूड कापायचे.

करवत चालली, खर्र खर्र. पॉलिश पेपर फिरला, खस खस. पंख जोडले. शेपूट जोडली. नाकावर पंखा बसवला. मग रंग दिला. पाठीला हिरवा आणि मातकट. पोटाला राखाडी, ढगासारखा. खूप दिवस लागले.

शेवटी राहिले पंखांवरचे गोल. आधी भरायचा मोठा निळा गोल. त्यावर पांढरा. आणि मधोमध लाल ठिपका. एका पंखावरचा गोल झाला. दुसऱ्या पंखावर तात्यांनी निळा गोल भरला. श्वास धरून भरला. मग ते हात धुवायला गेले. संध्याकाळी बालवाडीची मुलं विमान बघायला येणार होती.

बेडकुली आली, टुणुक टुणुक. तिने वर पाहिलं. पंखावर काहीतरी निळं चमकत होतं. गोल गोल. ओलं ओलं. बेडकुलीला वाटलं, डबकंच आहे.

टुणुक. चप्.

ते डबकं नव्हतं. तो रंग होता. बेडकुली घसरली, फर्रर. इकडून तिकडे घसरली. निळा गोल फिसकटला. बेडकुलीचे चारही पाय निळे झाले.

ती घाबरून रांजणामागे लपली.

तात्या आले. त्यांनी पंख पाहिला. ते ओरडले नाहीत. रागावले नाहीत. नुसते खाली बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. निळ्या रंगाचा डबा उलटा करून पाहिला. डबा रिकामा होता. "आता मुलांना काय दाखवू?" ते हळूच म्हणाले.

बेडकुलीला खूप लाज वाटली. कानापर्यंत लाज वाटली. तिने निळे पाय पोटाखाली घेतले. नजर खाली घातली. आणि मागच्या दाराने ती निघाली, टुणुक टुणुक.

ओढ्यावर सोनामावशी कपडे धूत होती. पांढऱ्या कपड्यांना घालायला तिच्याकडे नीळ होती.

"सोनामावशी, सोनामावशी,
गोल पुसला, रंग संपला.
थोडी नीळ देता का?"

"गाढव उठेना, गठुडी जाईना. गाढव उठलं, की देते," मावशी म्हणाली. मग तिने विचारलं, "गोल कुणी पुसला गं?"

"कुणास ठाऊक," बेडकुली म्हणाली. तिने निळे पाय पोटाखाली घेतले. नजर खाली घातली. आणि निघाली, टुणुक टुणुक.

वाटेत गाढव बसलं होतं. पाय पसरून बसलं होतं.

"गाढवदादा, गाढवदादा,
गोल पुसला, रंग संपला.
मावशी नीळ देईना.
जरा उठता का?"

"पायात काटा, दुखतो मोठा. काटा निघाला, की उठतो," गाढव म्हणालं. मग त्यानेही विचारलं, गोल कुणी पुसला म्हणून.

"वाऱ्याने पुसला असेल," बेडकुली म्हणाली. वारा कुठे होता? झाडाचं पानही हलत नव्हतं. तिने निळे पाय पोटाखाली घेतले. नजर खाली घातली. आणि निघाली, टुणुक टुणुक.

तळ्यात एक म्हैस डुंबत होती. म्हशीच्या पाठीवर बगळा उभा होता. लांब चोचीचा. बगळे बेडकुल्या खातात. तिला पळून जावंसं वाटलं. पण तिला तात्या आठवले, चष्मा पुसणारे. ती लांब एका दगडावर बसली आणि तिथूनच बोलली.

"बगळेकाका, बगळेकाका,
गोल पुसला, रंग संपला.
मावशी नीळ देईना,
गाढव उठेना.
पायातला काटा काढता का?"

बगळ्याने एक डोळा तिच्याकडे फिरवला. "तुझ्या अंगाला रंगाचा वास येतो. तुला मी खात नाही," तो म्हणाला. "पण म्हशीची पाठ मी सोडत नाही. म्हैस बाहेर आली, की येतो. आणि काय गं, गोल कुणी पुसला?"

"मांजरीने पुसला असेल," बेडकुली म्हणाली.

मांजर बिचारी घरात झोपली होती. बेडकुलीला आणखीच लाज वाटली. आधी होती तेवढी, आणि वर आणखी तेवढीच. तिने निळे पाय पोटाखाली घेतले. नजर खाली घातली. आणि पाण्याच्या काठाशी गेली, टुणुक टुणुक.

"म्हैसताई, म्हैसताई,
गोल पुसला, रंग संपला.
मावशी नीळ देईना,
गाढव उठेना,
बगळा उतरेना.
पाण्याबाहेर येता का?"

म्हैस म्हणाली, "पाणी गार, मला सुख फार. हिरवं गवत दिसलं, की येते." मग तिने सावकाश विचारलं, "गोल कुणी पुसला?"

म्हैस वाट बघत राहिली. बेडकुलीने निळे पाय पोटाखाली घेतले. नजर खाली घातली. आणि निघाली. टुणुक. टुणुक. आता तिच्या उड्याही लहान झाल्या होत्या.

बांधावर ठकूबाई होती. हातात विळा, डोक्याला फडकं.

"ठकूबाई, ठकूबाई,
गोल पुसला, रंग संपला.
मावशी नीळ देईना,
गाढव उठेना,
बगळा उतरेना,
म्हैस निघेना.
थोडं गवत कापता का?"

"कापते की," ठकूबाई म्हणाली. तिने विळा उचलला. मग थांबली. "पण गोल कुणी पुसला, ते सांग. मग कापते."

एक चतुर आला, भिर्रर करून गेला.

बेडकुलीने पोटाखालून एक पाय काढला. निळा. मग दुसरा काढला. तोही निळा. मग तिसरा. मग चौथा.

"मी पुसला," ती म्हणाली. "मला डबकं वाटलं. मी उडी मारली."

ठकूबाईने चारही पाय नीट पाहिले. "तात्यांना सांगितलंस?"

"नाही. मला लाज वाटते."

"वाटणारच," ठकूबाई म्हणाली. "लाज वाटली तरी सांगता येतं." आणि ती खाली वाकली.

ठकूबाईने गवत कापलं, कर्र कर्र.
गवत दिसलं, म्हैस निघाली, डुबुक डुबुक.
म्हैस निघाली, बगळा उतरला, फड फड.
बगळा उतरला, काटा काढला, टुच्.
काटा निघाला, गाढव उठलं, खडबड खडबड.
गाढव उठलं, गठुडी गेली, मावशीने नीळ दिली.

आणि वाटेत बेडकुलीने प्रत्येकाला सांगितलं. म्हशीला सांगितलं. मांजरीने नाही, मी पुसला, असं बगळ्याला सांगितलं. वाऱ्याने नाही, मी पुसला, असं गाढवाला सांगितलं. मावशीलाही सांगितलं. दर वेळी तिचा आवाज बारीक होत होता. पण तिने सांगितलं.

मावशीने नीळ पानात बांधून दिली. पुडा तोंडात धरून बेडकुली घरी आली, टुणुक टुणुक.

तात्या अंगणातच बसले होते. त्यांनी फिसकटलेला रंग पुसून काढला होता. पंखावर खस खस पॉलिश पेपर फिरवला होता. पण निळ्या रंगावाचून पुढे काय करणार?

बेडकुलीने पुडा त्यांच्या पायाशी ठेवला. चारही पाय पुढे केले.

"तात्या, गोल मी पुसला."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. बेडकुलीला वाटलं, आता तात्या हाकलून देणार. रांजणाखालून कायमचं हाकलणार.

"पंखावर चार पायांचे ठसे होते," तात्या म्हणाले. "एवढे छोटे पाय कुणाचे, ते कळलं होतं मला. पण तू सांगशील का, ते कळत नव्हतं."

बेडकुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी नीळ पांढऱ्या रंगात कालवली. खूप खूप ढवळली. छान निळा रंग झाला. मग त्यांनी खिशातून एक दोरा काढला.

"गोल काढायला मधोमध कुणीतरी दोरा धरायला लागतं," ते म्हणाले. "अजिबात हलायचं नाही. येतेस?"

तात्यांनी तिचे पाय ओल्या फडक्याने पुसले. तिला पंखावर ठेवलं. तिने दोऱ्याचं एक टोक घट्ट धरलं. दुसऱ्या टोकाला तात्यांनी पेन्सिल बांधली. पेन्सिल फिरू लागली, सर सर. बेडकुली हलली नाही. नाकावर माशी बसली, तरी हलली नाही. श्वास धरून बसली.

पेन्सिल फिरून परत आली. गोल झाला. एकदम गोल. मग तात्यांनी बेडकुलीला खाली उतरवलं, आणि निळा रंग भरला. तो वाळला, मग पांढरा भरला. तोही वाळला, मग लाल ठिपका दिला.

ऊन उतरलं. बालवाडीची मुलं आली. तात्यांनी विमान दोन दोऱ्यांनी आंब्याच्या फांदीला टांगलं. नाकावरचा पंखा फिरला, भिर भिर. मुलं खाली उभी राहिली. माना वर करून बघू लागली.

बेडकुलीही होती तिथे. मुलांच्या मधे, पाय पसरून बसली होती. मान वर करून.

गोल झाला गोल, आणि गोष्ट झाली पुरी.