काबऱ्याचं उसनं नाक

काय झालं सांगू का? फार फार मागची गोष्ट. एका माळावर बायजा नावाची मेंढपाळीण राहायची. तिची एवढीशी लेक होती, ठकू. आणि काबऱ्या नावाचा कुत्रा होता.

तेव्हा माणसं आणि जनावरं एकमेकांशी बोलायची, बरं का. उसनवारीही करायची. आपण शेजारून वाटीभर विरजण आणतो ना, तसं. फक्त एक रीत होती. वाटी रिकामी परत करायची नाही. चिमूटभर काहीतरी घालूनच द्यायची.

एके दिवशी काय झालं, ठकू खेळता खेळता दिसेनाशी झाली. ऊन कलायला लागलं. डोंगरात लांडगे. हाका मारून मारून बायजाचा घसा बसला. मग ती काबऱ्याला म्हणाली, "बाबा, तुझे डोळे दे रे. आता अंधार पडेल, तुला अंधारात दिसतं. तोवर माझे घे."

"घे की," काबऱ्या म्हणाला. "पण मग रडू नकोस."

झाली अदलाबदल. बायजा बघते तर काय! आभाळ निळं, तरवडाची फुलं पिवळी, आणि बाकी सगळं वाळल्या गवतासारखं.

"अरे देवा! लांबून दिसावी म्हणून पोरीला लाल कुंची घातली मी. तुला लाल दिसतच नाही?"

"लाल म्हणजे काय?" काबऱ्यानं विचारलं.

मग तिनं त्याचे कान मागितले. कान लावले, तर पाचोळ्यातला किडा ऐकू आला. टेकडीपलीकडचं जातं ऐकू आलं. पण ठकू काही ऐकू आली नाही. ती कुठंतरी झोपली होती ना, आता तुम्ही झोपणार आहात तशी.

बायजानं विचारलं, "मग तू जग बघतोस तरी कशानं रे?"

"नाकानं, बाय. तू आधी विचारलंसच कुठं?"

मग तिनं नाक घेतलं. आणि काय सांगू बाळांनो, वाटेवर सकाळ अजून तशीच पडलेली होती! इथून पहाटे ससा गेला. इथं काल बैलगाडी थांबली, एका बैलाच्या पायाला जखम होती. आपल्याला आत्ताचा माळ दिसतो, काबऱ्याला कालचाही दिसायचा. आणि त्या सगळ्यात धाग्यासारखा एक बारीक वास. दुधाचा, आणि मुठीत धरून ओल्या झालेल्या गुळाचा. ठकू!

बायजा वाकून वाकून निघाली. मग ओढा लागला. घोटाभर पाणी, पण तिथं धागा तुटला. वास पाण्यानं नेला.

तेवढ्यात काबऱ्या ओरडला, "बाय, पलीकडं जाळीत काहीतरी पेटलंय! असलं मी जन्मात बघितलं नाही!"

"पेटलं नाही रे," बायजा रडत रडत हसली. "ते लाल. माझ्या ठकूची कुंची. पळ!"

करवंदीच्या जाळीत ठकू गाढ झोपलेली. मूठ गुळानं चिकटलेली.

घरी आल्यावर ज्याचं त्याला परत केलं. बायजानं नाकात आपल्या घरचा वास घातला, चुलीचा, भाकरीचा, ठकूच्या केसांचा. म्हणून कुत्रा कितीही लांब गेला तरी घरी येतो. कान मात्र तिनं घाईत रिकामेच दिले. म्हणून तो अजून कान टवकारून बसतो, काही पडतंय का त्यांत बघत.

आणि बायजाचे डोळे परत देताना काबऱ्यानं त्यांत काय घातलं? त्याच्याकडं दुसरं काय असणार? दारात बसून घरच्यांची वाट बघणं, तेच घातलं. म्हणून तुम्हाला यायला उशीर झाला की आईची नजर दारावरून हलत नाही.

ठकू मोठी झाली, बायजा म्हातारी झाली, माळावर सगळी सुखात राहिली.

चला, पाय पांघरुणात घ्या. आपल्या ढवळ्या कुत्र्यानं मघाशीच हुंगलेत ते. सगळी घरात आलीत, त्याला ठाऊक आहे. तो निजला. तुम्हीही निजा.