शिकाऊ हाताचा समुद्र

त्या राज्यातला समुद्र आपोआप झालेला नव्हता, कुणीतरी तो करायला घेतला होता. त्याला किनारा नव्हता, भरती-ओहोटी नव्हती, आणि चारही बाजूंना तो काचेशी एकाएकी संपत असे. मीठ बेताने विरघळवलेले होते, वाळू धुऊन पसरलेली होती, आणि सूर्य वरच्या झाकणाला टांगलेला होता. त्या समुद्रावर एका हाताचे राज्य होते. हात मायाळू होता, पण शिकाऊ होता. आणि आपण शिकाऊ आहोत हे त्याला ठाऊक होते, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा.

हाताने सगळ्यांत आधी आणले ते कालिंदीला. ती बोटाच्या पेराएवढी मासोळी होती. अंग गर्द निळे, शेपटी हळदीसारखी पिवळी, आणि नजर अशी, की आपल्याहून मोठे कुणी जन्माला आलेलेच नाही. तिला घाईने आणले गेले होते. पाणी दिसायला नितळ होते, पण कच्चे होते. पाण्यातली घाण खाऊन ते निर्मळ राखणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव अजून दगडांत वस्तीला आले नव्हते. त्यामुळे कालिंदीने खाल्लेल्याची आणि न खाल्लेल्याची घाण पाण्यातच राहिली, आणि तिचे विष होत गेले. कालिंदीचे कल्ले जळजळू लागले. तिच्या निळ्या रंगावर राखेसारखी झाक आली. ती पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून, एकेक श्वास ओढून घेत राही.

काचेपलीकडे तेव्हा एक चेहरा सारखा येत असे. हात त्याचाच असावा, असा कालिंदीचा कयास होता. हात समुद्राचा एक घोट छोट्या नळीत घेई, त्यात थेंब टाकी, आणि नळी उजेडात धरी. पाणी गडद हिरवे होई, म्हणजे विष अजून होते, आणि चेहरा उतरून जाई. मग हात बादलीने जुने पाणी काढी, नवे पाणी इतके सावकाश ओती, की जणू आजाऱ्याला पेज भरवतो आहे. कधी कधी चेहरा नुसताच काचेला कपाळ टेकून बसे. त्या दिवसांत त्या समुद्रात दोघेच होते: एक मरायला टेकलेली आणि एक तिला मरू न देणारा. अशा सोबतीतून जी माया तयार होते, ती कालिंदीच्या मनात कायमची घर करून बसली.

पुढे दगड तपकिरी झाले, मग हिरवट झाले. न दिसणारी वस्ती दगडांत रुजली, आणि नळीतले पाणी पिवळे राहू लागले. कालिंदीचा निळा रंग परत आला. हे कशाने झाले, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. विष तिने प्यायले होते, आणि ते संपले होते. म्हणजे पाणी तिनेच पिकवले होते.

मधोमध दगडांची एक कमान होती. कमानीखाली एक खोल, अंधारे भोक होते. ते तिचे घर झाले. मग कमान तिची झाली. मग कमानीची सावली जिथवर पडे तिथवरची वाळू तिची झाली, आणि सूर्य झाकणाच्या एका कडेला टांगलेला असल्यामुळे सावली बरीच लांब पडत असे.

मग दुसरे कुणी आले.

हाताने वाळूच्या एका कोपऱ्यात दोन जीव अलगद सोडले. एक होता रेवोबा, वाळूच्याच रंगाचा, लांबट आणि सावध मासा. दुसरी तानूबाई, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी, जिला जवळजवळ काहीच दिसत नसे. त्या दोघांचा संसार जगावेगळा होता. तानूबाई बीळ खणी, आणि रेवोबा बिळाच्या तोंडाशी पहारा देई. खणताना तिची एक मिशी सदैव त्याच्या शेपटीवर टेकलेली असे. धोका दिसला की रेवोबा शेपटी फडफडवी, तानूबाईला ते कळे, आणि दोघेही क्षणात आत जात. वाळूचे बीळ रोज कुठे ना कुठे ढासळे. ती रोज ते पुन्हा खणी, आणि खणताना कुरकुरत नसे.

कालिंदी बाणासारखी त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"कोण तुम्ही? आणि कुणाला विचारून खणताय?"

"अहो बाई, आम्हाला इथं आणलंय," रेवोबा म्हणाला. "आम्ही कोपऱ्यात राहू. तुमची कमान तुम्हाला."

"कोपराही माझाच आहे. हे पाणी कच्चं होतं तेव्हा कुठं होतात तुम्ही?"

"दुसऱ्या पाण्यात होतो, बाई."

"मग तिकडंच जा!"

जायचे कसे, हे तिलाही माहीत नव्हते. पण त्या दिवसापासून रेवोबाने बिळातून डोके काढले की ती त्याच्यावर झेप घेई. एकदा तिने त्याचा वरचा पंख फाडला. पहारेकरीच बाहेर येऊ शकत नसल्यामुळे तानूबाईही बाहेर येऊ शकेना. वरून पडणारे खाणे बिळापर्यंत पोचायच्या आत कालिंदी पळवी, पोट भरलेले असले तरी पळवी. बिळाचे तोंड ढासळले, ते तसेच राहिले. आतून रेवोबाचे खोल गेलेले पोट दिसू लागले.

चेहरा पुन्हा काचेशी येऊन बसू लागला. कालिंदीला वाटले, जुने दिवस आले. ती त्याच्यासमोर येऊन ऐटीत वळणे घेई. चेहरा मात्र तिच्यामागच्या कोपऱ्याकडे बघत असे.

हाताने आधी काचेबाहेर एक आरसा लावला. कालिंदीला पलीकडे एक निळी, उद्धट, पिवळ्या शेपटीची मासोळी दिसली आणि तिचे भानच हरपले. ती तिच्याशी सकाळी भांडली, दुपारी भांडली, खाणे सोडून भांडली. रेवोबाने तेवढ्यात घाईघाईने पोटाला आधार केला आणि तानूबाईला एक तुकडा नेऊन दिला. आरसा काढल्यावर कालिंदी दमलेल्या अंगाने पण ताठ मानेने रेवोबाच्या बिळापाशी आली.

"तिला घालवलं मी," ती म्हणाली. "आता तुमची पाळी."

आरशाने काही झाले नाही, हे हाताच्या लक्षात आले. शिकाऊ असला तरी तो बघत शिकत होता. चुकीचे मूळ मासोळीत नाही, तिला एकटीलाच आधी आणले यात आहे, हे त्याला बहुधा कळले असावे. कारण पुढच्या सकाळी, सगळ्यांनाच जागा सारखी नवी व्हावी म्हणून, तो कोपरापर्यंत पाण्यात उतरला आणि त्याने कमान धरली.

कालिंदी त्याच्यावर धावून गेली. त्याच हाताला, ज्याने तिला जगवले होते, ती बोटाच्या कडेला चावली. हात जरासा थरारला, पण थांबला नाही. कमान सुटली. कमानीखालचा सपाट दगड निघाला, त्याच्या मागचा खडबडीत दगड निघाला, आणि तळाची वाळू उसळून वर आली. समुद्र दुधासारखा गढूळ झाला. वर, खाली, आपले, परके, काहीच दिसेनासे झाले.

गाळ बसायला बराच वेळ लागला. तो बसला तेव्हा दगड सगळे तेच होते, पण एकही जागेवर नव्हता. कमान कुठेच नव्हती. तिच्या जागी एक उतार होता, आणि उतारापलीकडे दोन बुटके बुरूज. पाण्याचा प्रवाहही आता दुसरीकडून येत होता. कालिंदी आपल्या दाराकडे गेली आणि तिचे नाक दगडावर आपटले. ती वळून पुन्हा आली, पुन्हा आपटले. एका भोकात शिरली, ते आरपार निघाले. दुसऱ्यात मावली नाही. हद्दीवर उभे राहून कुणाला तरी हाकलावे म्हणून ती हद्द शोधू लागली, तर सावलीच दुसरीकडे पडली होती.

विषाच्या दिवसांत ती घाबरली नव्हती. तेव्हा नुसते मरायचे होते. आता जगायचे होते, आणि कुठे ते ठाऊक नव्हते. सूर्य विझायची वेळ झाली. ती एका उघड्या कोपऱ्यात काचेला पाठ लावून थांबली. तिचे सगळे अंग कापत होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती पंख अंगाशी घट्ट धरत होती.

त्याच कोपऱ्यापाशी वाळू हलली. खालून तानूबाईच्या नांग्यांनी वाळूचा एक लोट बाहेर टाकला. तिचे जुने बीळही गेले होते, पण बीळ जाणे ही तिच्यासाठी नवलाची गोष्ट नव्हती. दगड खाली ठेवून हात वर जायच्या आधीच तिने दुसरे खणायला घेतले होते.

"अहो," ती आतून रेवोबाला म्हणाली, "बाहेर कोण आहे? पाणी थरथरतंय."

"तीच आहे," रेवोबा म्हणाला. "तू खण गप."

"तीच म्हणजे?"

"निळी. माझा पंख फाडणारी. आणखी कोण?"

तानूबाईने खणणे थांबवले. तिची मिशी त्याच्या शेपटीवरून उचलली गेली आणि पाण्यात चाचपडत पुढे आली. ती कालिंदीच्या कापणाऱ्या अंगाला लागली. कालिंदीने डोळे मिटून घेतले. दंशाची वाट बघावी तशी ती थांबली.

"अगं बाई, किती गार पडली आहेस," तानूबाई म्हणाली. "आत ये. तोंडाशीच बस, आत फारशी जागा नाही. मी अजून खणतेय."

"तानू!" रेवोबा म्हणाला. "ती आत आली तर मी कुठं उभा राहू?"

"माझ्याजवळ. नाहीतर कुठं?"

"आणि तिनं उद्या पुन्हा चावलं म्हणजे?"

"उद्या चावली तर उद्या बघू. आज ती थरथरतेय, आणि माझं बीळ त्यानं ढासळतंय."

रेवोबा तोंडातल्या तोंडात बडबडत मागे सरला. कालिंदी बिळाच्या तोंडाशी आली. आत जागा इतकी कमी होती, की तिची पिवळी शेपटी बाहेरच राहिली, आणि तिचा गाल रेवोबाच्या फाटलेल्या पंखाला घासू लागला. आभार मानण्याची तिला सवय नव्हती. तिला एवढेच सुचले:

"तुमचं छत उजव्या बाजूनं पोकळ आहे."

"हो का?" तानूबाई म्हणाली. "मग जरा खांदा लाव तिथं."

कालिंदीने खांदा लावला. सूर्य विझला.

पुढे तिने उतारावर एक भोक घेतले. ते जुन्या घराहून लहान होते आणि त्यात प्रवाहाचा आवाज येई. रोज ती त्याबद्दल कुरकुर करी. हाकलायची खोड एकदम गेली नाही. मधूनच ती सवयीने रेवोबावर झेपावे, अर्ध्या वाटेत घोटाळे, आणि काहीतरी शोधायला निघाल्यासारखे करून दुसरीकडे वळे. रेवोबाही तेवढ्यापुरता आत जाई, आणि तानूबाईला म्हणे, "काही नाही, आपली निळी आहे." पंख भरून आला. खाण्याचा एखादा तुकडा कालिंदीच्या तोंडून सुटून नेमका बिळाशीच पडू लागला. ती त्याकडे बघत नसे.

हातही निवळला होता. बरेच दिवस त्याने नवे कुणी आणले नाही. नळीतले पाणी पिवळेच राही. आणि मग एका सकाळी समुद्राच्या पृष्ठभागावर एक फुगलेली पारदर्शक पिशवी तरंगू लागली. पिशवीत दुसरे पाणी होते, आणि त्या पाण्यात केशरी अंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची एक मासोळी काचेच्या कोपऱ्यात दबून राहावे तशी पिशवीच्या तळाशी दबून राहिली होती. हाताने घाई केली नाही. पिशवी तरंगू दिली. मग तिचे तोंड उघडून तो या समुद्राचे पाणी थोडे थोडे आत ओतू लागला, थांबू लागला, पुन्हा ओतू लागला.

रेवोबा बिळाबाहेर आला. तानूबाईची मिशी त्याच्या शेपटीवर होती.

"कोण आहे?" तिने विचारले.

"अजून दिसत नाही नीट," तो म्हणाला. "निळी गेलीय वर."

कालिंदी खरोखरच वर गेली होती. हाताने पिशवी तिरकी केली. तिच्या तोंडाशी आतले पाणी बाहेरच्या पाण्याला भेटले, आणि जिथे ती दोन पाणी एकमेकांना लागली तिथे, उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलावी तशी, एक लकाकती, थरथरती रेघ उभी राहिली. एका बाजूला केशरी मासोळी, दुसऱ्या बाजूला निळी. रेघ वळली, तिला पीळ पडले, तिचे धागे धागे झाले. कालिंदीने ती ओलांडली, मागे फिरली, पुन्हा ओलांडली. मग ती थांबून रेघ शोधू लागली, तर सगळीकडे नुसते पाणी होते.