तारूआईचं निळं कमळ

नदीकाठच्या एका गावात येसू नावाची चिमुकली मुलगी राहत होती. घरात गरिबी, त्यात तीन दिवस आई तापानं फणफणलेली. सकाळीच आबा होडी घेऊन पलीकडे औषध आणायला गेले होते. दुपारी नदीला पूर आला, नि येसूला एका जागी बसवेना. दारातून घाटावर, घाटावरून दारात, नुसती धावाधाव!

शेवटी ती धापा टाकत डोंगरावरच्या लेण्यात गेली. तिथं तारूआई होती. फार पूर्वी बुद्धाच्या भिक्खूंनी तारादेवी म्हणून तिला दगडात कोरलं होतं. आता गाव तिला केशरी शेंदूर लावी, हिरव्या बांगड्या वाही. तिनं संकटातून तारलेली इवलीइवली माणसं तिच्याभोवती कोरलेली. कुणी हत्तीपुढे पळतंय, कुणी सापाला भ्यालंय, नि एक नाव लाटांत सापडलेली.

"तारूआई, माझ्या आबांना आण गं!" येसू रडू लागली.

शेंदूर झळाळला. सोनेरी उजेडातून पाचूच्या रंगाची परी बाहेर आली. तिच्या हातातल्या निळ्या कमळावर दवाचे थेंब लुकलुकत होते.

"एकच इच्छा माग, बाळ. एकदा बोललीस की बदलता येणार नाही. आधी इथे बघ."

येसू कमळात डोकावली. पुरात दोन होड्या गरगरत होत्या. एकीत आबा. दुसरीत शेजारची कोंडाकाकी नि तिची दोन लेकरं. तापाच्या भीतीनं याच काकीनं कालपासून येसूला दार उघडलं नव्हतं.

"फक्त आबांना मागितलंस, तर ते या क्षणी घरी पोचतील," परी म्हणाली. "सगळ्यांना मागितलंस, तर माझं बळ वाटलं जाईल. पाणी थोडं शांत होईल, पण वल्ही त्यांनाच मारावी लागतील."

येसूनं पुन्हा कमळात पाहिलं. आबा किती दमलेत! पण काकीची धाकटी केवढी रडतेय...

"सगळ्यांना!" ती ओरडली नि घाटाकडे धावत सुटली.

"आबा, इकडे! काकी, तिकडे खडक आहे!" ती हाका मारत राहिली. लाटा जरा निवल्या. आबांनी दोर फेकून काकीची होडी आपल्या होडीला बांधली. किती, किती वेळ लागला! अखेर दोन्ही होड्या काठाला टेकल्या.

काकीनं येसूला पोटाशी धरलं. "पोरी, मी तुला दारात उभं केलं नाही गं!"

पाण्यावरून परी तरंगत आली. तिनं दवाचा एक थेंब औषधाच्या बाटलीत सोडला. "हा तू न मागितलेला," ती हसून म्हणाली. नदीभर हिरवा-सोनेरी उजेड सांडला, नि त्यात ती विरून गेली.

घरी औषधाच्या पहिल्याच घोटाला आईचं कपाळ गार झालं. तिनं डोळे उघडले. "येसू, भूक लागली गं."

कोंडाकाकी केव्हाच चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.