यांकोचं व्हायोलिन

एक होता राजा. फार लांब, बर्फाच्या मुलखात. त्याची राणी तापानं गेली. मग त्या दुःखात राजानं काय करावं? राज्यात गाणं-वाजवणंच बंद करून टाकलं. राणीचा विषयसुद्धा कुणी काढायचा नाही. त्याची लेक इलोना, तुमच्याएवढीच बरं का, तिला आईचा चेहराही नीट आठवेना. विचारणार कुणाला?

मग एकदा काय झालं, नदीपलीकडं रोमा लोक उतरले. रोमा म्हणजे गाड्यांतून मुलूखभर फिरणारे. पाण्याला ते पानी म्हणायचे, कानाला कान. त्यांचे जुने लोक आपल्याकडूनच चालत गेले म्हणतात. किती चालले असतील, बघा! आणि जातील तिथून लोक त्यांना हाकलायचे.

तिन्हीसांजेला पलीकडून सूर आले. इलोना त्या सुरांमागं पूल ओलांडून गेली. त्यांच्यातला यांको व्हायोलिन वाजवत होता. त्याची म्हातारी आई रूपा शेकोटीशी बसली होती. तिनं चहा पिण्याआधी थोडा जमिनीवर ओतला.

"आजी, सांडला तुमचा!"

"सांडला नाही गं बाळ. गेलेल्यांना दिला. आमच्यात आधी त्यांना देतात."

इलोना तिच्याशेजारी बसली. मग यांकोनं सूर ओढला, आणि काय सांगू, तिला आईच्या केसांचा वास आला!

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्या दिवशी पाठीवरून हात फिरला. आईचाच. तिसऱ्या दिवशी शेकोटीपलीकडं कुणीतरी बसलेलं दिसू लागलं. आधी निळी शाल. मग हनुवटी...

तेवढ्यात राजा आणि शिपाई घोड्यांवरून आले. रोमांनी राजाची पोर पळवली, अशी गावात ओरड झाली होती. शिपायानं व्हायोलिन हिसकलं आणि दगडावर आपटलं.

"मला कुणी नाही पळवलं!" इलोना किंचाळली. "मी माझी आले. बाबा, आई होती इथं!"

राजानं लांबूनच ती शाल ओळखली होती. तो घोड्यावरून उतरला. "वाजव," तो यांकोला म्हणाला. "पुन्हा वाजव."

"कशावर वाजवू, महाराज?"

"नवं देतो. सोन्याचं देतो."

"नव्यातून गेलेली माणसं येत नाहीत." यांको तुकडे गोळा करत होता. "माझी पोर यायची यातून. गेल्या थंडीत गेली. एका गावानं आम्हाला बर्फात हाकललं होतं."

मग रूपा गाऊ लागली. फाटका, थरथरता आवाज. त्या गाण्यानं कुणी आलं नाही. राजा मात्र लेकीला पोटाशी धरून चिखलात बसला आणि पहिल्यांदा रडला.

मग राजानं दवंडी पिटवली. गाणं मोकळं झालं. रोमांना कुणी हाकलायचं नाही, असं ठरलं. थंडीभर ते नदीकाठीच राहिले. इलोना त्यांची गाणी शिकली. राजा तिला आईबद्दल रोज काहीबाही सांगू लागला. ती कशी हसायची, कशावर रुसायची.

आणि यांको? त्यानं नवं व्हायोलिन घेतलं. पोट तर भरायला हवं ना! पण वाजवताना तो समोर पाहायचा नाही.

बर्फ वितळल्यावर गाड्या निघाल्या. इलोना गाडीबरोबर लांबवर चालत गेली. तेव्हा यांको म्हणाला, "माझ्या पोरीचं नाव लुलुदी. आमच्यात फुलाला म्हणतात. तू म्हण बघू एकदा."

"लुलुदी," इलोना म्हणाली.

यांकोनं मान हलवली आणि गाडी हाकली.

मग सगळे राहिले, ज्याच्या वाट्याला आलं तेवढ्या सुखात. मिटा आता डोळे. पांघरूण घ्या नीट, गारठा आहे.