मुक्कामाची आज्ञा

“पाचगणीची हवा चांगली की महाबळेश्वरची? एवढंच सांगा, महाराजसाहेब.”

जैन स्थानकात ऋजुमुनी आपले लाकडी पात्र पुसत होते. चातुर्मास संपला होता. उद्या त्यांना पुणे सोडून पायी विहाराला निघायचे होते.

“मी दोन्हीकडे चालत गेलोय, सुवालालजी. चढ दोन्हीकडे सारखाच आहे.”

सुवालाल गुगळे हसले नाहीत. नात चार्वी पाच वर्षांची. दिवाळीपासून तिची धाप थांबत नव्हती. रोज रात्री तोंडाला वाफेचे यंत्र लावावे लागे.

“डॉक्टर म्हणाले, या शहरात ठेवू नका. पाचगणीला बंगला बघितलाय. सगळेच तिकडे जातो. तुम्ही निघण्याआधीचं मांगलिक ऐकवा, आशीर्वाद द्या, की उद्या सामान हलवतो.”

मुनींनी बोट स्वतःच्या तोंडाकडे नेले. त्यांच्या तोंडावर मुहपत्तीची पांढरी कापडी पट्टी बांधलेली होती.

सुवालालांनी जीभ चावली. स्थानकात शिरताना त्यांनी मास्क काढून हातात घेतला होता, आणि मुनींपुढे उघड्या तोंडाने बोलायचे नसते हे विसरले होते. रुमाल सापडेना. त्यांनी घाईने मास्कच पुन्हा चढवला.

“रस्त्यावर हा कोणासाठी लावला होता?”

“माझ्यासाठी. धूळ केवढी असते!”

“आणि आत्ता?”

“आत्ता... हवेतल्या जिवांसाठी. आपल्या श्वासानं त्यांना इजा नको म्हणून.”

“कापड तर तेच आहे.”

सुवालाल मास्क नाकावर नीट बसवू लागले.

“प्लांटही पाचगणीला नेताय ना?”

“थट्टा करता, महाराजसाहेब! रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट तिकडे कोण लावू देईल? तो इथेच. मुलगा येऊन-जाऊन बघेल.”

मुनींनी पात्र झोळीत ठेवले.

“उद्याचा माझा मुक्काम तुमच्या प्लांटवर. मालकाच्या आज्ञेशिवाय आम्हाला कुठे राहता येत नाही. आज्ञा द्या.”

“प्लांटवर?” सुवालाल उठूनच उभे राहिले. “अहो, तिथे सिमेंट उडतं. खडी वाहून नेणारा पट्टा उघडा आहे. दुपारी समोरचा माणूस दिसत नाही. तुमचं वय काय, तुमची छाती काय!”

“तिथे कोणी राहत नाही?”

“कामगार आहेत... आणि रस्त्यापलीकडे वस्ती आहे.”

“मुलं आहेत वस्तीत?”

“आहेत.”

“मग मीही राहीन.”

“किती दिवस?”

“तुम्ही पाचगणीला किती दिवस राहणार?”

सुवालाल तडक अंगणात गेले. प्लांटच्या मॅनेजरशी फोनवर बोलतानाचा त्यांचा आवाज आतपर्यंत येत होता.

“बंद कर म्हणजे बंद कर!... बिल्डर ओरडतोय? ओरडू दे. माझ्याकडे पाठव त्याला... हो, पट्ट्यावर पत्रे. चारी बाजूंनी. आवारात पाणी मार, आजपासून. आणि चाकं धुतल्याशिवाय एक गाडी फाटकाबाहेर दिसली, तर तू उद्या कामावर येऊ नकोस... मला वेड नाही लागलं रे. ठेव!”

ते परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“प्लांट बंद केला, महाराजसाहेब. सगळं झाकून होईपर्यंत यंत्र चालू करणार नाही. आवारात फरशीही घालतो. खडी ओली ठेवण्यासाठी फवारे—”

“बांधकामाचं साधूला सांगू नका. त्यात जीव मरतात, आम्हाला त्याला होकार देता येत नाही.”

“बरं, नाही सांगत. पाचगणीचंही राहू दे. चार्वीला महिनाभर तिच्या आजोळी नाशिकला ठेवतो, आम्ही इथेच थांबतो. पण आता तुम्ही तिथे राहायला नको ना? शब्द दिलाय मी.”

“आज्ञा दिलीत की नाही?”

“शब्दावर विश्वास नाही का माझ्या?”

बाहेर डंपर गेला, खिडक्या थरथरल्या.

सुवालालांनी हात जोडले. “दिली आज्ञा.”

“आम्हाला एका जागी महिन्यापेक्षा जास्त थांबता येत नाही, तेव्हा तिथे मी महिनाभरच राहीन,” मुनी म्हणाले. “तो संपायच्या आत चार्वीला तिथे खेळायला घेऊन या.”